ग्रीनलँड : छप्पन हजार माणसांनी देश चालवायचा तर

पाणथळ (धागाकर्ता)

गेल्या वर्षभरात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न चार वेळा विचारून झाला : "तुमचं ते ग्रीनलँड अमेरिका घेणार का रे?" मी आर्हुसला राहतो, म्हणजे डेन्मार्कात, आणि ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात मोडतं. इथून नूक, म्हणजे ग्रीनलँडची राजधानी, साडेतीन हजार किलोमीटर लांब, पण मामांच्या लेखी मी ग्रीनलँडच्या वेशीवरच राहतो. दर वेळी उत्तर टंकायला घेतलं, लांबलं, पुसून टाकलं. ते सगळं आता इथे एकदाच ओततो.

उन्हाळ्यात नऊ दिवस नूकला होतो. तिथे शिकारी आणि कोळी आपला माल आणून विकतात अशी एक छोटी जागा आहे. स्टीलची टेबलं, त्यावर सीलचं काळपट लाल मांस, हॅलिबट, एका कोपऱ्यात देवमाशाचं चरबीसकट कातडं. एका आजीबाईंना माझ्या मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये विचारलं की हे शिजवायचं कसं. आजी नुसत्या हसल्या. शेजारी नात उभी होती, चौदा-पंधरा वर्षांची. ती माझ्याशी डॅनिश बोले, आजीकडे वळून कलाल्लिसुत, म्हणजे ग्रीनलँडिक. आजींनी भाव सांगितला तो मात्र थेट मला कळला, कारण आकडा डॅनिश होता. ज्या बाईला डॅनिशमध्ये 'शिजवणे' कळत नाही तिच्या तोंडी किंमत डॅनिशमध्ये कशी? हा किडा डोक्यात घेऊनच मी परतलो.

आता आकडे. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र मावतील. त्यातला साधारण ८० टक्के भाग बर्फाखाली. माणसं ५६-५७ हजार. १९९० पासून हा आकडा ५५ ते ५७ हजारांच्या मध्येच घुटमळतोय, वाढायचं नाव घेत नाही. तिघांतला एक जण नूकमध्ये राहतो. कुठल्याही दोन गावांना जोडणारा रस्ता नाही. बोट, विमान, हेलिकॉप्टर, नाहीतर उत्तरेला आणि पूर्वेला हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी. नूकच्या विमानतळाची मोठी धावपट्टी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी कोपनहेगनहून येणारं मोठं विमान कांगरलुस्सुआकला उतरायचं आणि तिथून छोट्या पंख्याच्या विमानाने राजधानी गाठायची.

दहातले जवळपास नऊ जण इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. उरलेल्यांत बहुतेक डॅनिश, आणि अलीकडे दुकानांत, हॉटेलांत फिलिपिनो आणि थाई लोक ठळक दिसतात. शिवाय सोळा-सतरा हजार ग्रीनलँडवासी डेन्मार्कातच स्थायिक आहेत. हा शेवटचा आकडा नीट बघा. शिकायला गेलेल्यांतले बरेच परत येत नाहीत.

राजकीय प्रवास थोडक्यात उरकतो. १७२१ मध्ये हान्स एगेडे हा मिशनरी आला तिथून डॅनिश वसाहत. १९५३ मध्ये घटना बदलून वसाहतीचा 'जिल्हा' केला आणि डॅनिश संसदेत दोन जागा दिल्या. १९७२ च्या सार्वमतात डेन्मार्कने युरोपीय समुदायात (आजचा युरोपीय संघ) जायचं ठरवलं, पण ग्रीनलँडमध्ये ७० टक्के मतं विरोधात पडली होती. तरी फरफटत जावं लागलं. मासेमारीचे हक्क ब्रसेल्सच्या हाती गेले हे जिव्हारी लागलं. १९७९ मध्ये अंतर्गत स्वराज्य (होम रूल) मिळालं, १९८२ मध्ये वेगळं सार्वमत घेतलं आणि १९८५ मध्ये ते समुदायातून बाहेर पडले. ब्रेक्झिटच्या पस्तीस वर्षं आधी.

मग २००८ चं सार्वमत, ७५ टक्क्यांवर होकार, आणि २१ जून २००९ पासून स्वशासनाचा कायदा. लोक हाच वाचायला विसरतात. ग्रीनलँडचे लोक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र जनसमूह आहेत हे डेन्मार्कने त्यात लेखी मान्य केलंय. राजभाषा एकच, ग्रीनलँडिक. आणि कलम २१ म्हणतं की स्वतंत्र व्हायचं की नाही हे तिथल्या लोकांनी ठरवायचं. त्यांनी ठरवलं की कोपनहेगनशी वाटाघाटी, तिथे सार्वमत, डॅनिश संसदेची संमती, संपलं. एप्रिल २०२३ मध्ये राज्यघटनेचा मसुदाही मांडून झालाय.

म्हणजे दार उघडं आहे आणि कुणी बाहेर पाऊल टाकत नाही.

का? माझं मत असं की बर्फ, खनिजं, ट्रम्प हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न हजेरीपटाचा आहे. २००९ च्या कायद्यात यादी आहे, कोणकोणती खाती ग्रीनलँड स्वतःकडे घेऊ शकतं त्याची. खनिजं त्यांनी लगेच घेतली. पोलीस, न्यायालयं, तुरुंग अजून डेन्मार्ककडेच आहेत. मागितली असती तर मिळाली असती. पण एक तर खातं घेतलं की खर्च तुमचा, आणि दुसरं म्हणजे माणसं कुठून आणायची? डॉक्टर, अभियंते, लेखापाल, वरच्या कोर्टातले न्यायाधीश यांतले किती तरी डॅनिश. दोन-तीन वर्षं येतात, हंगामी पगार घेतात, जातात. रुग्ण कलाल्लिसुत बोलतो, डॉक्टर डॅनिश, मधे दुभाषी. देश म्हटलं की हे सगळं आपल्याच माणसांनी आपल्याच भाषेत चालवायचं, आणि कामाच्या वयाची माणसं तीस-पस्तीस हजार. त्यातूनच मच्छीमार, शिक्षक, पायलट, राजदूत, सगळे काढायचे.

आणि भाषेची गंमत म्हणजे तीच त्यांची ताकद आहे आणि तीच आतली भिंत. त्यावर जाणकारांनी लिहावं, मी कच्चा आहे.

---

काडेपेटी

५६ हजार? आमच्या तालुक्याच्या गावात याहून जास्त लोक आहेत. उद्या आम्हीपण संयुक्त राष्ट्रांत अर्ज टाकतो मग.

---

पाणथळ

@काडेपेटी, टाका की. नाऊरू आणि तुवालू दहा-बारा हजार लोकांवर संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. सान मारिनो ३४ हजारांच्या आसपास. आणि शेजारचं आइसलँड १९४४ मध्ये याच डेन्मार्कपासून प्रजासत्ताक म्हणून सुटलं तेव्हा सव्वा लाखच माणसं होती. संख्येवर देश अडत नाही. पण आइसलँडमध्ये तेव्हा स्वतःचं विद्यापीठ १९११ पासून होतं, वकील होते, अधिकारी होते, आणि सगळा कारभार आइसलँडिकमध्ये चालत होता. फरक तिथे आहे.

रच्याकने, मार्च २०२५ च्या निवडणुकीत पहिल्या आलेल्या देमोक्राअतित पक्षाला एकूण मतं साडेआठ हजारांच्या आसपास पडली. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभागात एवढ्यावर माणूस पडतोसुद्धा.

---

रोकडा हिशेब

चांगला धागा. पैशाची बाजू राहिली म्हणून लिहितो.

डेन्मार्क दरवर्षी ठोक अनुदान देतं. २००९ मध्ये ते ३.४ अब्ज क्रोनरवर गोठवलं, म्हणजे महागाईपुरतं वाढतं, त्यापलीकडे नाही. आता ते चार अब्जांच्या वर आहे. माणशी सत्तर हजार क्रोनर, आपल्या रुपयांत आठ-नऊ लाख, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत दर डोई दर साल. स्थानिक सरकारच्या तिजोरीतला निम्मा पैसा हा. पोलीस, कोर्ट, संरक्षण यांचा खर्च डेन्मार्क वेगळा करतं तो यात धरलेला नाही.

दुसऱ्या बाजूला निर्यात बघा : नव्वद टक्क्यांवर मासळी, कोळंबी आणि हॅलिबट. कोळंबीचा भाव पडला की अर्थमंत्र्याची झोप उडते. एका पिकावरच्या गावाचं जे होतं तेच.

खनिजांचं सूत्र मजेशीर आहे. खनिजांतून वर्षाला साडेसात कोटी क्रोनरपर्यंत उत्पन्न झालं तर ते पूर्ण ग्रीनलँडचं. त्यावरच्या उत्पन्नाच्या निम्म्याइतकं अनुदान कमी होत जातं. म्हणजे खाणी चालल्या की अनुदान आपोआप शून्याकडे सरकेल आणि मग निघा, असा हिशेब. कागदावर झकास. पण खाण चालायला हवी ना! नार्साक गावाजवळ क्वानर्सुइत नावाचा डोंगर आहे, दुर्मिळ मृदा धातूंचा मोठा साठा, पण सोबत युरेनियम. गावातले लोक मेंढ्या पाळतात. २०२१ ची निवडणूक याच डोंगरावर लढली गेली, विरोधातला इनुइट अताकातिगीत पक्ष जिंकला आणि युरेनियमबंदी आली. स्वातंत्र्य हवं म्हणणाऱ्या पक्षानेच स्वातंत्र्याचा पैसा नाकारला. मला यात विसंगती वाटत नाही. ज्या जमिनीसाठी देश हवा तीच खोदून विकायची असेल तर मग घोडं कशासाठी मारलं?

---

व्युत्पत्ती

दंडवत पाणथळ, आजीबाईंच्या किमतीचं कोडं मी सोडवतो.

कलाल्लिसुतमध्ये स्वतःचे आकडे बारापर्यंतच वापरात आहेत. अताअसेक, मर्लुक, पिंगासुत, सिसामत, ताल्लिमत... असं करत बारा. त्यापुढे सरसकट डॅनिश. मूळची पद्धत हातापायांच्या बोटांची होती, वीस झाले की 'माणूस संपला'. आपली कोडीच म्हणा. व्यापार डॅनिश कोठीवर व्हायचा, तिथल्या वहीत मोठे आकडे डॅनिशमध्ये, म्हणून मोठा आकडा म्हणजे डॅनिश आकडा. तुमच्या आजीबाई परकी भाषा बोलत नव्हत्याच, त्या आपल्याच भाषेत किंमत सांगत होत्या. (आणि डॅनिश आकडे स्वतःच विसाचे : पन्नास म्हणजे 'अडीच विसा'. म्हणजे वीस टाकून वीसच घेतले!)

भाषेविषयी थोडं. एका धातूला किंवा नामाला शेपट्या लावत जायच्या. इल्लु म्हणजे घर. इल्लोर्सुअक म्हणजे मोठं घर. इल्लुलिओर्पोक म्हणजे 'तो घर बांधतो', एका शब्दात पूर्ण वाक्य. कायाक आणि अनोरक हे जगभर गेलेले शब्द याच कुळातले. आणि मराठी माणसाला घरच्यासारखी वाटावी अशी एक गोष्ट : आपण 'माणूस झोपला' म्हणतो पण 'माणसाने बाई पाहिली'. कर्त्याला तो 'ने' का लागतो हे इंग्रजीवाल्याला समजावताना घाम फुटतो. ग्रीनलँडिकमध्ये अंगुत सिनिप्पोक, माणूस झोपतो; पण अंगुतिप अर्नाक ताकुवा, माणूस बाईला बघतो. तो 'प' म्हणजे आपला 'ने'. आपल्याकडे तो भूतकाळापुरता, त्यांच्याकडे कायमचा.

आता पाणथळांनी म्हटलेली आतली भिंत. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट भाषांत सगळ्यात धडधाकट हीच. कॅनडात, अलास्कात कित्येक ठिकाणी मुलं इंग्रजीवर गेली, इथे बहुसंख्य मुलांची घरची भाषा अजून कलाल्लिसुत आहे. कारणं जुनी आहेत. साम्युएल क्लाइनश्मिट याने १८५१ मध्ये व्याकरण छापलं आणि लेखनाची घडी बसवली, १८६१ पासून ग्रीनलँडिकमध्ये वर्तमानपत्र निघू लागलं. १९७३ मध्ये शुद्धलेखन सोपं केलं. नव्या शब्दांचं काम नेटाने चालतं : संगणकाला शब्द आहे करासासिअक, म्हणजे कृत्रिम मेंदू. आमच्याकडे अजून 'संगणक' म्हटलं तर लोक हसतात.

पण ही सगळी पश्चिम किनाऱ्याची भाषा. पूर्वेला तासिलाकच्या बाजूला जेमतेम तीन हजार लोक बोलतात ती वेगळी, इतकी की नूकच्या माणसाला डोकं खाजवावं लागतं. अगदी उत्तरेला कानाकची आणखी वेगळी, बोलणारे हजाराच्याही आत. त्या मुलांना शाळेत आधी पश्चिमेची 'प्रमाण' ग्रीनलँडिक, मग डॅनिश, मग इंग्रजी. कोपनहेगनविरुद्ध जी तक्रार नूकची, तीच नूकविरुद्ध तासिलाकची. प्रमाणभाषेचा हा प्रताप आपल्याला नवा नाही.

दुसरी भिंत वर्गाची. उच्च माध्यमिकपासून पुढचं शिक्षण बरंचसं डॅनिशमध्ये. ज्याला डॅनिश येत नाही तो तिथेच अडकतो. आणि नूकमधल्या मिश्र घरांत असे ग्रीनलँडवासी आहेत ज्यांना डॅनिशच येतं, आणि त्यांना 'तू खरा ग्रीनलँडचा नाहीस' हे ऐकावं लागतं. २०२३ मध्ये ग्रीनलँडच्या खासदार आकी-मातिल्दा होएग-डाम डॅनिश संसदेत कलाल्लिसुतमध्ये बोलल्या आणि डॅनिशमध्ये भाषांतर करून सांगायला त्यांनी नकार दिला. त्यांना व्यासपीठ सोडायला सांगण्यात आलं. सभागृहातल्या बाकीच्यांना आयुष्यात पहिल्यांदा काहीच कळलं नाही. कानाकच्या पोराला शाळेत रोज तेच होतं.

---

काडेपेटी

माहिती चांगली आहे, मान्य. पण मग इंग्रजी शिका आणि मोकळे व्हा. डॅनिश बोलणारे जगात साठ लाख. सगळा खटाटोप कशाला?

---

व्युत्पत्ती

हे तिथले तरुणही बोलतात, टिंगल नाही. डॅनिशऐवजी इंग्रजी पहिली परकी भाषा करा असं म्हणणारे आहेत. अडचण : पाठ्यपुस्तकं डॅनिश, मास्तर डॅनिश, डेन्मार्कात शिक्षण फुकट आणि वर विद्यार्थ्याला भत्ता. इंग्रजी शिकून पोरगं जाणार कुठे, फी कोण भरणार?

---

तंजावरकर

नमस्कार मंडळी. आम्ही तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलतो, तेव्हा भाषा टिकण्याच्या धाग्यावर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवेना. आणि डेन्मार्कशी आमचा जुना हिशेब आहे.

तंजावरहून तीन तासांवर तरंगंबाडी. डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून ती जागा घेतली, किल्ला बांधला. पुढे गादीवर मराठे आले आणि डॅनिशांचा वार्षिक खंड तंजावरच्या मराठा दरबारात जमा होऊ लागला. १७०६ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने धाडलेले पहिले मिशनरी तरंगंबाडीला उतरले, आणि याच राजाच्या पाठिंब्याने १७२१ मध्ये हान्स एगेडे ग्रीनलँडला गेला. त्याच मिशनच्या परंपरेतले श्वार्ट्झसाहेब पुढे आमच्या सरफोजी महाराजांचे पालक झाले. एकाच गादीवरून एक जहाज उष्ण वाळूत आलं आणि एक बर्फात गेलं. इकडे तमिळ छापखाना आला, तिकडे ग्रीनलँडिकची लिपी. एगेडेच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' म्हणायची पंचाईत, कारण तिथे कुणी भाकर पाहिलेलीच नाही. मग म्हणे 'आमचा रोजचा सील' असं केलं. आख्यायिका असेल, पण आम्हाला आवडते.

मुद्दा पुढे आहे. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकलं. १९१७ मध्ये कॅरिबियनमधली बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरना विकली. मतदान झालं ते डेन्मार्कात, बेटांवरच्या माणसांना अधिकृत मत नव्हतं. त्याच सौद्यात अमेरिकेने लिहून दिलं की सगळ्या ग्रीनलँडवर डेन्मार्कने आपला अंमल पसरवला तर आमची हरकत नाही. म्हणून ट्रम्प यांचं 'ग्रीनलँड विकत घेतो' हे ऐकून जग हसलं असेल, ग्रीनलँडच्या लोकांना हसू आलं नसावं. हा मालक याआधी विकून मोकळा झालेला आहे.

---

पाणथळ

तंजावरकर काका, साष्टांग. हे डोक्यातच आलं नव्हतं. एगेडेचा पुतळा नूकमध्ये टेकडीवर उभा आहे. २०२० मध्ये त्यावर कुणीतरी लाल रंग ओतला आणि वसाहत संपवा असं लिहिलं. मग पुतळा ठेवायचा की काढायचा यावर स्थानिक मतदान घेतलं : ९२१ ठेवा, ६०० काढा. तेवीस हजारांवर वस्तीच्या पालिकेत एवढीच मतं. पुतळा आहे तिथेच आहे, समुद्राकडे तोंड करून.

---

अबोली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात. पाणथळ, तुम्ही 'आकडा वाढायचं नाव घेत नाही' एवढं लिहून पुढे गेलात. तिथे थांबायला हवं होतं.

साठच्या दशकात ग्रीनलँडचा जन्मदर जगातल्या सर्वांत जास्त दरांत होता. डेन्मार्कने घरं, शाळा, इस्पितळं बांधायला काढली होती आणि लोकसंख्येचा खर्च वाढत होता. १९६६ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे ४,५०० बायका-मुलींना, गर्भ राहू नये म्हणून, गर्भाशयात लूप बसवला गेला. मूल होण्याच्या वयातल्या जवळपास निम्म्या. कित्येकींना न विचारता, काहींना शाळेतून तपासणीला म्हणून नेऊन. आईबापांना पत्ता नाही. जन्मदर काही वर्षांत निम्म्यावर आला. हे सगळं २०२२ मध्ये डॅनिश रेडिओच्या मालिकेमुळे उघड्यावर आलं. १४३ जणींनी २०२४ मध्ये डॅनिश सरकारवर दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी माफी मागितली.

तो लिप्पेस लूप. आपल्याकडेही १९६५ मध्ये सरकारी कार्यक्रमात हाच आला होता, माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना 'लूप' शब्द चांगला आठवतो. मी तो शिकताना हातात घेतलाय : नागमोडी, प्लास्टिकचा, आजच्या कॉपर-टीपेक्षा चांगलाच मोठा. एकदाही बाळंत न झालेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीत तो बसवला तर काय दुखेल हे मला कुणी सांगायची गरज नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि काहींना पुढे मूलच नाही.

आणि मुलं झाली तरी सुटका नाही. १९५१ मध्ये २२ मुलांना 'डॅनिश करायला' डेन्मार्कात नेलं. वर्षभराने बहुतेक परतली तेव्हा ती आपली भाषा विसरलेली, आईशी बोलता येईना, आणि त्यांना घरी न पाठवता नूकच्या बालगृहात ठेवलं. अगदी परवापरवापर्यंत डेन्मार्कातल्या ग्रीनलँडच्या आईबापांची 'पालक म्हणून लायकी' मानसशास्त्रीय चाचण्यांनी मोजत, डॅनिशमध्ये, डॅनिश संस्कृतीच्या मापाने, आणि मुलं काढून घेत. त्या चाचण्या ग्रीनलँडच्या कुटुंबांसाठी २०२५ मध्ये बंद केल्या.

तेव्हा 'स्वातंत्र्य परवडेल का' असा हिशेब मांडणाऱ्यांनी (रोकडा हिशेब, राग नका मानू) या छप्पन हजारांत कोण कोण जन्मालाच आलं नाही तेही धरावं.

---

रोकडा हिशेब

राग कसला ताई. तो रकाना माझ्या वहीत नव्हताच.

---

शेवगा

+१ अबोली ताई. वाचून सुन्न.

---

काडेपेटी

मी काडी टाकायला आलो होतो, विझलो. तरी एक प्रामाणिक शंका. डेन्मार्क एवढं वाईट वागलं तर मग अमेरिका का नको? पैसा तरी बक्कळ देईल.

---

पाणथळ

कारण अमेरिका त्यांना बातम्यांत भेटलेली नाही, अंगणात भेटलीय. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, तळ. १९४६ मध्ये ट्रुमन सरकारने दहा कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं होतं. १९५१ च्या संरक्षण करारानंतर उत्तरेला थुले तळ उभा राहिला (आता त्याचं नाव पितुफिक). १९५३ मध्ये त्यासाठी तिथल्या शंभरावर इनुइट माणसांना काही दिवसांच्या मुदतीत घरं सोडून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, आजच्या कानाकला जावं लागलं. डॅनिश पंतप्रधानांनी त्याची माफी मागितली १९९९ मध्ये. जानेवारी १९६८ मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन जाणारं अमेरिकेचं बी-५२ विमान तिथल्या बर्फावर कोसळलं आणि किरणोत्सारी कचरा पसरला. सफाईला गेलेल्यांत स्थानिक लोकही होते.

जानेवारी २०२५ च्या पाहणीत ८५ टक्के म्हणाले की अमेरिकेत जायचं नाही, हो म्हणणारे ६ टक्के. त्याच पाहणीत स्वातंत्र्यासाठी आज मत दिलं तर ५६ टक्के होय. पण राहणीमान खालावणार असेल तर? ४५ टक्के नाही म्हणाले.

मार्च २०२५ च्या निवडणुकीकडे तसं बघा. लवकरात लवकर निघू म्हणणारा नालेराक पक्ष दुसरा आला, ३१ पैकी ८ जागा. पहिला आला तो आधी घर बांधू, मग वेगळे होऊ म्हणणारा, १० जागा. त्यांचे येन्स-फ्रेडरिक निल्सन पंतप्रधान झाले, नालेराक सोडून बाकी सगळे तेव्हा सरकारात गेले. यात स्वातंत्र्य नको म्हणणारे फार थोडे आहेत हे लक्षात घ्या. भांडण 'केव्हा'चं आहे.

तिथे एक शब्द सतत कानावर पडतो, इम्माका. म्हणजे 'बघू', 'कदाचित'. विमान आज सुटेल का? इम्माका. बोट येईल का? इम्माका. ढगांवर अवलंबून असलेल्या मुलखात हा आळस नसतो.

---

व्युत्पत्ती

अवांतर : ध्रुवप्रदेशाचा शोधप्रवासी क्नुद रासमुसेन ग्रीनलँडमधल्या इलुलिस्सातला जन्मलेला, आजी इनुइट. १९२१ ते २४ च्या मोहिमेत कुत्र्यांच्या गाडीवरून कॅनडा ओलांडून अलास्कापर्यंत गेला आणि वाटेत जागोजागी लहानपणी शिकलेल्या ग्रीनलँडिकवर निभावून नेलं. एवढ्या लांबवर, इतक्या थोड्या माणसांत, इतकी जवळची भाषा. मला राहून राहून वाटतं की यांनी कोपनहेगनकडे बघण्याऐवजी पश्चिमेला बघितलं असतं तर छप्पन हजारांचा आकडा जरा मोठा झाला असता. पण कॅनडाच्या बाजूची लिपी वेगळी, शाळा वेगळ्या, थेट विमानंही मोजकीच. भाऊबंद आहेत, वाट नाही.

---

नवखा_वाचक

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. पाणथळ, एक बाळबोध प्रश्न. आम्ही दोघं पुढच्या वर्षी युरोपला येतोय, शेंगेन व्हिसा काढणार. त्यावरच नूकला जाऊन येता येईल का? आणि खायचं काय, बायको शाकाहारी आहे.

---

पाणथळ

नाही येणार. ग्रीनलँड शेंगेनमध्ये नाही. तिथले लोक डॅनिश नागरिक, म्हणून युरोपीय संघाचे नागरिक. पण त्यांचं बेट संघात नाही. व्हिसा डेन्मार्ककडेच मागायचा, पण अर्जात ग्रीनलँड स्वतंत्रपणे लिहायचं आणि तो ग्रीनलँडसाठी वैध आहे असं व्हिसावर छापलेलं असायला हवं. नसेल तर कोपनहेगनलाच अडकाल. माझ्या ओळखीतल्या एकाचं तसंच झालं, तिकिटाचे पैसे बुडाले.

शाकाहाराचं म्हणाल तर भाजी विमानाने नाहीतर जहाजाने येते आणि भाव ऐकून भूक मरते. मेतकूट, पोहे, दोन किलो मूगडाळ बरोबर ठेवा. कुणी घरी कॉफीला बोलावलं तर मात्र जा, काफेमिक म्हणतात त्याला, टेबलभर केक असतात. दारात बूट काढायचे, आपल्यासारखेच.